गुरुवारचा अर्धा तुरोन

कुवेतहून परत आलेली म्हटलं, की सांगलीत लोक खुर्ची पुढे ओढतात आणि रणगाड्यांचं विचारतात. रणगाडे मी पाहिले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून, पडद्याआडून, आणि तेही हातात चहाचं आधण असताना. त्यांच्याबद्दल पेपरात छापून आलं त्यापेक्षा जास्त काही मला सांगता येणार नाही. मी आहारतज्ज्ञ आहे. माणसाच्या ताटात काय पडावं आणि काय पडू नये, एवढंच आयुष्यभर पाहत आले. त्यामुळे माझं हे प्रवासवर्णन खाण्याचंच होणार, आणि त्यातही एकाच पदार्थाचं. लढाईचं वाचायचं असेल त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

रिग्गई, मार्च ते जुलै

१९९० च्या मार्चमध्ये मी दोन वर्षांच्या करारावर गेले. यजमान सांगलीत, बँकेत. मूलबाळ नाही. 'जाऊन ये, नाहीतर जन्मभर मला ऐकवशील,' असं तेच म्हणाले. इस्पितळाने राहायला रिग्गईत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट दिला होता. खाली बेकरी, समोर धोब्याचं दुकान, आणि झाडं म्हणाल तर रस्त्याच्या मधोमध नळीने पाणी पाजून जगवलेली चार खजुरीची. उन्हाळ्यात नळाला थंड पाणी येतच नसे. अंघोळीचं पाणी सकाळी बादलीत भरून ठेवायचं आणि संध्याकाळी ते निवलं की अंगावर घ्यायचं, ही युक्ती मला लूझने शिकवली.

लूझ म्हणजे माझी फ्लॅटमधली जोडीदारीण. फिलिपिन्सची, डायलिसिस विभागात नर्स. वय अठ्ठावीस, उंची माझ्या खांद्याएवढी आणि हसणं जिन्यापर्यंत ऐकू जाणारं. आमचं बोलणं इंग्रजीत चाले, दोघींच्या मोडक्यातोडक्या. मला ती 'आते' म्हणायची. पहिल्या दिवशी मी चमकले, मग कळलं की तिच्याकडे थोरल्या बहिणीला तसं म्हणतात.

मी शाकाहारी, तीही कट्टर. माझा तवा वेगळा, कढई वेगळी, पक्कड वेगळी. माझ्या हिंगाच्या फोडणीला ती खिडकी उघडायची आणि तिच्या सुक्या मासळीला मी. पण भांडण कधी झालं नाही. शुक्रवारी सुट्टीला ती तिच्या कढईत गोड तळायला घ्यायची, तेव्हा मात्र मी खिडकी उघडत नसे. मुद्दाम पाणी प्यायच्या निमित्ताने आत जाऊन उभी राहायची.

त्या गोडाचं नाव तुरोन. तिच्याकडे चार वाजता, शाळा सुटायच्या वेळी, रस्त्याच्या कडेला विकतात म्हणे, आपल्याकडे भजी विकतात तसं. केळं उभं चिरायचं, तांबड्या साखरेत घोळवायचं, त्याच्या कुशीत पिकल्या फणसाची एक पट्टी ठेवायची आणि कागदासारख्या पातळ पारीत गुंडाळायचं. मग तेलात सोडायचं आणि वरून पुन्हा साखर टाकायची. ती साखर तेलावर तरंगते, वितळते आणि गुंडाळीला जाऊन चिकटते. बाहेर काढून निथळलं की वर काचेसारखा कडक तांबूस थर. तिच्या देशातलं जाडसर, तळायचं खास केळं कुवेतला मिळत नसे, म्हणून ती बाजारातलं जरा कच्चट पाहून घ्यायची. पारी म्हणून समोशाच्या पट्ट्या, आणि फणस डब्यातला, पाकातला.

आपल्याकडे केळ्याचं शिकरण, केळ्याचे गुलगुले, कोकणात फणसाची सांदणं. पण केळं आणि फणस एकत्र तळायचं आपल्या कुणाला का सुचलं नाही, याचं मला नवल वाटायचं. 'एक घे ना, आते,' लूझ दर वेळी म्हणायची. कढई तिची, त्यात आदल्या दिवशी मासा तळलेला असायचा. मी म्हणायची, 'उपास आहे.' शुक्रवारचा उपास मी सांगलीत कधी धरला नाही, तो कुवेतला चार महिने धरला.

इस्पितळात माझ्याकडे किडनीचे रुग्ण. त्यांचं पथ्य म्हणजे वाचकांना खोटं वाटेल असं. सगळं जग फळं खा म्हणतं, आम्ही खाऊ नका म्हणतो. फळाभाज्यांत पोटॅशियम असतं, चांगल्या माणसाची किडनी ते जादा झालं की बाहेर टाकते, यांचं रक्तात साठतं आणि हृदयाचा ठोका चुकतो. म्हणून बटाटासुद्धा चिरून तासन्‌तास पाण्यात ठेवायचा, उकळायचा, पाणी फेकायचं आणि मग उरलेला चोथा माणसाला वाढायचा. पाणी मोजून, मीठ मोजून. माझ्या टेबलावर पोषणमूल्यांच्या तक्त्यांचं जाड पुस्तक असायचं आणि खाली आहारगृहात वजनकाटा. पुस्तकात नाही आणि काट्यावर चढलं नाही, ते माझ्या रुग्णाच्या ताटात नाही. याचा मला अभिमान होता, तो इथे कबूल करून टाकते.

या रुग्णांत इब्राहीमचाचा होते. रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावचे, शुऐबा बंदरात टगबोटीवर सारंग म्हणून वीस वर्षं काढलेले. किडन्या गेल्यावर बोट सुटली. राहायला जलीबला, एका खोलीत सहाजण. घरी का जात नाही, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "बाय, घरी बायको हाय, पोरगा हाय, सून हाय. मशीन नाय." रविवार, मंगळवार, गुरुवार, चार-चार तास मशीनला जोडून घ्यायचे आणि उरलेले दिवस त्या जोरावर काढायचे.

मराठी ऐकू आलं की त्यांचा चेहरा उजळायचा, आणि मी तक्ता काढला की पडायचा. रमजानात त्यांनी मला न सांगता खजूर खाल्ले. एक नव्हे, रोज सात. पोटॅशियम इतकं चढलं की रात्रीत उचलून आणावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना सगळ्या वॉर्डासमोर फैलावर घेतलं. ते शेवटी म्हणाले, "पानी मोजतेस, मीठ मोजतेस. आता श्वास पन मोज." आजूबाजूचे हसले. मीही हसले, पण तक्ता आणखी आवळला.

मंगळवार

डायलिसिस विभागात एक रिवाज होता. तो कुठल्या पुस्तकात लिहिलेला नसतो, पण मशीनवाल्या बऱ्याच ठिकाणी चालतो. मशीन सुरू झाल्यावर पहिल्या तासात रुग्णाला त्याच्या आवडीचं, एरवी बंद असलेलं काही थोडंसं द्यायचं. पुढचे तीन तास मशीन रक्त धूतच असतं, त्यात ते बरंचसं निघून जातं. कुणाला चॉकलेटचा तुकडा, कुणाला संत्र्याच्या चार फोडी. विभागाच्या मिसरी डॉक्टरांची त्याला संमती होती. मला ते फारसं पसंत नव्हतं, पण अडवतही नव्हते.

जुलैचा शेवटचा दिवस. मी फेरीला वर गेले तेव्हा सगळा वॉर्ड तळलेल्या साखरेच्या वासाने भरला होता. लूझने सकाळी उठून तुरोन केले होते. नर्सांनी आपापले संपवले होते आणि एक तिने चांदीच्या कागदात इब्राहीमचाचांसाठी राखून ठेवला होता. मशीन सुरू होऊन दहाच मिनिटं झाली होती. डावा हात सुयांत गुंतलेला, उजव्या हातात तो तुरोन. त्यांनी तो खाल्ला नव्हता. नाकाशी धरून डोळे मिटून बसले होते.

"फनस!" मला पाहून ते म्हणाले. "बाय, ह्यात फनस हाय. ह्या पोरीच्या गावाला पन फनस हाय!"

"थांबा, चाचा," मी म्हणाले.

लूझ म्हणाली, "आते, पहिला तास आहे. डॉक्टरांना विचारलंय मी."

"यात केळं आहे. केळं आणि फणस, दोन्ही आपल्या यादीत सगळ्यात वर. माझ्या पुस्तकात हा पदार्थ नाही. मोजल्याशिवाय मी देऊ देणार नाही."

"एकच तर आहे."

"सात खजूरही एकेकच होते."

मी हात पुढे केला. मला वाटलं होतं, ते हुज्जत घालतील. त्यांनी तुरोन माझ्या हातात ठेवला. बोटांना लागलेली साखर तेवढी चादरीला पुसली. लूझकडे बघून, जणू तिचीच समजूत काढायची आहे अशा सुरात, ते तिला कळेल अशा मोडक्या हिंदीत म्हणाले, "बाय बरोबर बोलते. मोजून देईल."

आता हे लिहिताना मी स्वतःला विचारते, की काय अडलं होतं? केळं किती असेल याचा अंदाज मला नजरेने येत होता. अर्धा मोडून दिला असता तर कसलाही धोका नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण लूझने डॉक्टरांना विचारलं आणि मला विचारलं नाही, हे मला झोंबलं होतं. माझ्या रुग्णाच्या तोंडात काय जाणार ते मी सोडून सगळ्या वॉर्डाला ठाऊक होतं. एवढीच गोष्ट होती. औषधापेक्षा मानाचा भाग जास्त.

मी आहारगृहात उतरले. अख्ख्या तुरोनचं वजन केलं. मग सुरीने पारी उकलली. साखरेचा थर तडकला आणि बशीभर उडाला. केळं वेगळं काढून वजन केलं, साठ ग्रॅमच्या आसपास. फणसाची पट्टी पंधरा. पारी टिपकागदावर दाबून तेल किती प्यायली ते पाहिलं, चमचाभरही नव्हतं. मग पुस्तक उघडून हिशेब मांडला. धडधाकट माणसाच्या दृष्टीने हा पदार्थ मुळीच वाईट नाही, हे वाचकांसाठी मुद्दाम सांगते. एका नगात दोनशेच्या आसपास कॅलरी, त्यातल्या बऱ्याचशा फळाच्या. केळ्यातला चोथा आहे, पोटॅशियम आहे, जे तुम्हाआम्हाला हवंच असतं. आपल्या जिलेबीला किंवा गुलाबजामला ते श्रेय नाही. साखर जरा कमी घ्या, तेल कडकडीत तापू द्या म्हणजे पारी कमी पिते, आणि मुलांना चार वाजता खुशाल द्या.

आणि किडनीच्या रुग्णाला? एका नगात त्याच्या दिवसभराच्या पोटॅशियमचा साधारण सातवा भाग. अर्धा नग, पहिल्या तासात, मुळीच हरकत नाही. मी तक्त्यावर लाल पेनने तसं लिहिलं.

मध्ये दोन फोन आले, एक सामानाचा माणूस येऊन गेला. वर गेले तेव्हा दुसरा तास सरत आला होता.

"आज उशीर झाला, चाचा," मी म्हणाले. "पण हिशेब झालाय. गुरुवारी पहिल्या तासात अर्धा. नक्की."

"गुरुवारी," ते म्हणाले. "फनस काप्याचा होता काय गो, का बरक्याचा?"

"कापा. डब्यातला."

ते हसले आणि मान टेकून पडून राहिले. आता मोडलेल्या तुकड्यांचं काय झालं तेही सांगते. खाली आले तर बशीत सगळं तसंच पडलेलं. अन्न टाकायचं माझ्या हाताने होत नाही, आईनेच तशी सवय लावली आहे. दार लोटलं आणि ते मी खाल्लं. मासा तळलेल्या कढईतलं, चार महिने टाळलेलं, रुग्णाच्या हातून काढून घेतलेलं. काट्याला टेकून उभ्याने खाल्लं, आणि बशीतले साखरेचे कण बोटाने टिपून घेतले. फार छान होतं.

गुरुवार

बुधवारी संध्याकाळी लूझने आठ तुरोन गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवले. सकाळी तळून न्यायचे होते. गुरुवारी पहाटे घराच्या काचा थरथरल्या. आधी वाटलं समोरच्या इमारतीचं काम निघालं. मग खाली बेकरीवाल्याचा आरडाओरडा ऐकू आला. मी चहाचं आधण ठेवलेलं होतं ते उचलून खिडकीशी गेले आणि ते दिसलं, जे बघितलं का म्हणून मला आज सगळे विचारतात.

इस्पितळाची गाडी आली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. फोन लागेना. लूझ दारापाशी चपला घालून बसून राहायची. तिसऱ्या दिवशी पावाच्या रांगेत उभं राहून आम्ही रिकाम्या हाताने परतलो, तेव्हा तिने फ्रीजमधले तुरोन बाहेर काढून तळले. पारी ओलसर झाली होती, फुटत होती. चार तिने खाल्ले, चार मी. यातला एक कुणाच्या नावाचा, हे आम्ही दोघी जाणून होतो. मी तो खाल्ला. भूक होती.

दहाव्या की बाराव्या दिवशी एका शेजाऱ्याच्या गाडीतून आम्ही इस्पितळात पोचलो. निम्मा स्टाफ नव्हता. मशीनला लागणारं सामान किती दिवस पुरेल याचीच चर्चा. सगळ्यांना जगवायचं तर प्रत्येकाला आठवड्यातून एकदाच, तेही दोन तास, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं. इब्राहीमचाचा जलीबहून निम्मं अंतर चालत आले. पाय सुजलेले, चेहरा सुजलेला, त्यामुळे ओळखायला क्षणभर लागला. सुया टोचून झाल्या. त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"बाय, जुमेरात तर गेली. आज पहिला तास हाय." जुमेरात म्हणजे तो गुरुवार. बोलताना ते हसत होते.

"आज नाही चालणार, चाचा," मी म्हणाले. "मशीन दोनच तास आहे. परत आठ दिवसांनी. आत गेलेलं पोटॅशियम आतच राहील."

त्यांनी मान हलवली. मग अगदी सरळ, माहिती करून घ्यावी तसं विचारलं, "म्हंजे तवा चालला असता, आता नाय चालत. असाच ना?"

"हो," मी म्हणाले. "असंच."

मी यापूर्वी हजार वेळा रुग्णांना नाही म्हटलं असेल. त्या दिवशीचं नाही बरोबर होतं, पुस्तकाप्रमाणे आणि देवाप्रमाणेही. पण ते मला म्हणावं लागलं, कारण दोन आठवड्यांपूर्वीचं नाही चूक होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा तेच म्हणाले, "रडतेस काय? बाजारात केली तरी हायत काय?" केळी नव्हतीच. लूझला कुठे मिळाली नव्हती.

रस्ता

सप्टेंबरमध्ये भारतीयांच्या बसगाड्या सुटू लागल्या. बसरा, बगदाद, मग वाळवंट ओलांडून जॉर्डनची हद्द आणि अम्मानहून विमान. किती दिवस लागतील ते कुणीच सांगू शकत नव्हतं. मशीनवाचून इतके दिवस चाचा काढू शकत नव्हते. मी निरोप घ्यायला गेले तेव्हा त्यांनी स्वतःच विषय मिटवला. "तू जा. नवरा वाट बघत असल." लूझ म्हणाली, मशीन चालू आहे तोवर मी थांबते. मला तिच्यासारखं म्हणता आलं नाही.

बसमध्ये पन्नासजण आणि छतावर सगळ्यांचा संसार. मी कपड्यांची बॅग मागे ठेवली आणि तक्त्यांचं पुस्तक घेतलं, हे यजमानांना अजून विनोदी वाटतं. बसऱ्याच्या पुढे टायर गेलं. तीन तास रस्त्याच्या कडेला बसलो असताना काळा बुरखा घेतलेली एक म्हातारी शेतातून आली आणि ओंजळभर ओले खजूर माझ्या पदरात टाकून निघून गेली. लढाई तिच्या माणसांनी लावलेली, आणि खजूर तिने दिले. मी ते बसमध्ये वाटले. माझ्या वाट्याचे दोन हातातच चिकट होऊन गेले.

हद्दीवरच्या छावणीत तंबू, वाळू आणि रांगा. पाव यायचे ते कमी आणि माणसं जास्त. मी आहाराचं काम करते हे कळल्यावर आमच्या तंबूने पावांची वाटणी माझ्याकडे दिली. 'मॅडम, तुम्ही बरोबर मोजाल.' मीही सवयीने सारखे तुकडे केले, लहानाला एवढा, मोठ्याला एवढा. तिसऱ्या दिवशी एक केरळी म्हातारे गृहस्थ म्हणाले, आज एक जास्त दे, उद्या नको. दोन महिन्यांपूर्वीची मी असते तर कारण विचारलं असतं. मी माझा तुकडा त्यांना दिला. त्याने माझं काही फिटलं असं मात्र मला वाटलं नाही.

खाडीकाठ, मे १९९१

सांगलीला लूझचं पत्र आलं ते पुढच्या वर्षी, तिच्या गावाहून. तीही शेवटी त्याच रस्त्याने घरी पोचली होती. इब्राहीमचाचा सप्टेंबर संपता संपता गेले, जलीबच्या खोलीत, सकाळी, पुढच्या मशीनच्या पाळीला तीन दिवस असताना. तिने रजिस्टरातून त्यांच्या घरचा पत्ता उतरवून आणला होता. 'तू तिथली भाषा बोलतेस, आते. तू जाऊन ये,' एवढंच शेवटी लिहिलं होतं.

मी मे महिन्यात गेले. रत्नागिरीहून एस.टी., मग होडी, मग चढण. लाल दगडाचं घर, पुढे पडवी, आणि पडवीत पाटीभर फणस फोडायला घेतलेला. चाचांच्या बायकोचं नाव सकिना. बारीक, वाळलेली, पांढऱ्या ओढणीतली बाई. चाचा गेल्याची खबर तिथे आधीच पोचली होती. मी कुवेतहून आले, इस्पितळातली, असं सांगितल्यावर तिने विळी बाजूला सरकवली आणि तेलाचे हात नेसूला पुसले.

"तुमी खान्याची बाय काय?" तिने विचारलं.

मला कळेना, हिला कसं ठाऊक. ती आत गेली आणि पत्र घेऊन आली. चाचांच्या खोलीतला एकजण लढाईच्या आदल्या दिवशी विमानाने मुंबईला आला होता, त्याच्या हाती दिलेलं. तिला वाचता येत नव्हतं, पण वाचून घेऊन घेऊन पाठ झालं होतं. कागद माझ्या हातात देऊन तिने तोंडानेच म्हणून दाखवलं. "हितली खान्याची बाय आपल्या मुलखातली हाय. रागीट हाय, पन मायेची हाय. जुमेरातीला मला फनसाचा गोड देनार हाय. मोजून ठेवलान हाय तिनं."

कागदावर अक्षर न् अक्षर तसंच होतं. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. वीस वर्षांत तिने नवऱ्याला किती वेळा जेवू घातलं असेल, ते रजेच्या महिन्यांवरून मोजता आलं असतं.

"मग दिलांत ना जुमेरातीला?"

मी खरं सांगायलाच आले होते. एस.टी.त, होडीत, चढणीवर मी ते मनात घोकत आले होते. तुमच्या नवऱ्याच्या हातातला घास मी काढून घेतला, हे सांगायचं आणि ती काय म्हणेल ते ऐकून घ्यायचं.

"हो," मी म्हणाले. "दिलं."

"कसा लागला म्हनाले?"

"वरून कडक होतं," मी म्हणाले. "दाताखाली कुडकुडायचं. आत केळं, अगदी मऊ, गरम शिऱ्यासारखं. मध्येच फणस लागायचा, किंचित चिवट, आणि त्याचा वास सगळीकडे. साखर दाढेला चिकटून बसली, ती बराच वेळ जिभेने काढत होते."

यातला शब्दन्‌शब्द खरा होता. फक्त तोंड माझं होतं.

सकिना ऐकत राहिली. तिचे ओठ मी बोलत होते तसे हलत होते. मग ती उठून आतल्या दारापाशी गेली आणि सुनेला हाक मारली. "जुबेदा, खाल्लानी गो! जुमेरातीला खाल्लानी!"

जुबेदा आली, शेजारच्या दोघी आल्या. मला बसवून ठेवलं, चहा आला, सांदणं आली, आणि प्रत्येकीने पहिल्यापासून विचारलं. दुपारच्या होडीची वेळ होईपर्यंत मी ती चव चौघींना सांगितली. तक्त्यावर मी लाल पेनने अर्धा लिहिला होता. तिथे मात्र सगळ्यांना सांगितलं, की त्यांनी अख्खा खाल्ला.